खुणा नसलेले एसएमडी पार्ट कसे ओळखावेत? (फिश फाइंडरचा पॉवर बोर्ड)

भाट्येकर
नमस्कार मंडळी. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे बोटींवरचे वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर (पाण्याची खोली आणि मासे दाखवणारं यंत्र) हे सगळं याच दिवसांत दुकानात येऊन पडतं आणि मालकांना ते १ ऑगस्टच्या आत हवं असतं.

आत्ता टेबलावर एका ट्रॉलरच्या फिश फाइंडरचा पॉवर बोर्ड आहे. बोटीवर २४ व्होल्ट, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये. सेट पूर्ण मेलेला, फ्यूज उडालेला. कंपनी सर्किट द्यायला तयार नाही, पार्टचे नंबरही देत नाही, "पूर्ण युनिट बदला" एवढंच उत्तर येतं. मालकाला ती किंमत झेपणारी नाही, आणि एवढ्याशा बोर्डापायी चांगला सेट भंगारात टाकणं मला पटत नाही.

अडलंय ते असं. पार्ट सगळे एसएमडी, म्हणजे बोर्डाला भोक न पाडता वरूनच डाग दिलेले बारीक पार्ट. फ्यूजच्या पुढे दोन टोकांचा एक काळा पार्ट आहे, तडकलेला, वरची छपाई मिठाने खाल्लेली. त्याच्या पुढे एक अगदी बारीक काळपट पार्ट आणि दोन तपकिरी पार्ट, कशावरच काही लिहिलेलं नाही. मग सहा पायांचा छोटा आयसी, एसओटी-२३ च्या आकाराचा. त्याचा नंबर कारखान्यातच घासून काढलेला दिसतो, सरळ ओरखडे आहेत. शेजारी कॉइल, त्यावर २२० लिहिलंय. इनपुटला मीटर लावला की डेड शॉर्ट.

फोटो चढवलेत. कुठून सुरुवात करावी?

देवगडचो_झिल
काळो पार्ट टीव्हीएस डायोड असतलो, व्होल्टेजचो झटको स्वतःवर घेणारो. फ्यूजच्या फुडे, लाइन आणि ग्राउंडच्या मधी असा काय? असलो तर दुसरा काय असूचा नाय. काढून बघ, शॉर्ट गेलो तर तोच.

अलिबागचे_काका
काढण्याआधी एक सांगतो, भाट्येकर. तुमच्या तिसऱ्या फोटोत आयसीच्या पायांत पांढरी-हिरवी बुरशी दिसतेय. ती तिथे असेपर्यंत घेतलेलं कुठलंही माप धरू नका. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा त्याहून कोरडी क्वचितच असते. म्हणजे बोर्डावर जे मीठ आहे ते सध्या द्रावण होऊन बसलेलं आहे आणि दोन पायांच्या मध्ये काही किलो-ओहमचा रेझिस्टर असल्यासारखं वागतंय. तुम्ही अनोळखी पार्ट मोजायला जाल आणि मीटर मीठ मोजेल.

आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश. नुसत्या आयसोप्रोपिलने मीठ जात नाही, ते पाण्यातच विरघळतं. पाण्याने धुऊन झालं की मग आयसोप्रोपिल, म्हणजे खाचाखोचांतलं पाणी निघून येतं. त्यानंतर ६०-७० अंशाला दोन-तीन तास गरम हवेत ठेवा. स्पीकर, बझर असेल तर तो आधी काढून ठेवायचा.

आणि धुण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा जवळून फोटो घ्या. छपाईचे उरलेसुरले अवशेष ब्रशने जातात. आडवा टॉर्च मारून घेतलेल्या फोटोत घासलेला नंबरही कधीकधी अर्धा वाचता येतो, लेझरने कोरलेला असेल तर विशेष.

सुपारीबाग
काकांना +१.

मी श्रीवर्धनला इन्व्हर्टर आणि पंपाच्या स्टार्टरचे बोर्ड करते. निसर्ग वादळानंतर, म्हणजे जून २०२० पासून, खाऱ्या पाण्यात भिजलेले बोर्ड इतके हाताखालून गेले की आता पार्ट नुसता बघून निम्मा अंदाज येतो. नवीन मंडळींसाठी सविस्तर लिहिते.

बिनखुणेचा पार्ट दिसला की त्याला बाजूने बघा, वरून नाही. रेझिस्टर चपटा असतो: वर काळा थर, आणि कडेला व खाली पांढरीशुभ्र सिरॅमिक. ०८०५ साइजचा रेझिस्टर जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटर. सिरॅमिक कपॅसिटर मात्र चारही बाजूंनी एकाच रंगाचा असतो, तपकिरी, राखाडी किंवा फिकट, आणि बऱ्याचदा जाडी जवळपास रुंदीइतकी. सगळीकडून काळपट राखाडी असेल तर फेराइट बीड (लाइनमधला गोंगाट अडवणारा पार्ट) किंवा छोटी इंडक्टर, म्हणजे कॉइल. भाट्येकरांच्या फोटोतला बारीक काळपट पार्ट मला बीडच वाटतोय.

कपॅसिटरवर काही लिहिलेलं नसतं यात लपवाछपवी नाही. किंमत रिळाच्या लेबलवर असते, यंत्र रिळातून उचलून बोर्डावर ठेवतं, पार्टावर छापायचा खर्च कोणी करत नाही. ०४०२ च्या रेझिस्टरवरही बहुतेक वेळा काही नसतं.

साइजबद्दलही सांभाळून. ०६०३ म्हणजे आपण १.६ बाय ०.८ मिलिमीटर धरतो, ते इंचाच्या हिशोबातलं. मेट्रिक यादीत ०६०३ म्हणजे ०.६ बाय ०.३, इंचाच्या भाषेत ०२०१. ऑनलाइन मागवताना हे बघितलं नाही तर मोहरीहून बारीक पार्ट घरी येतात.

तपकिरी रंगाच्या गडद-फिकटपणावरून किंमत कळते असं काही जण सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. रंग सिरॅमिकच्या मिश्रणाचा असतो. फार तर एवढं म्हणता येईल की फिकट, पांढुरके बरेचदा एनपी० जातीचे आणि पिकोफॅरडमधले असतात. जात बघायची असेल तर पार्ट बोर्डावरून काढून एलसीआर मीटरला (कपॅसिटी मोजणारा मीटर) लावा आणि लांबून गरम हवा द्या. आकडा जागचा हलला नाही तर एनपी०. थोडा सरकला तर एक्स७आर, त्याला उणे ५५ ते १२५ अंशांत १५ टक्क्यांची मुभा आहे. धाडकन कोसळला तर वाय५व्ही, तो ८५ अंशापर्यंत ८२ टक्क्यांनी खाली जाऊ शकतो. हे लिहायचं कारण, नुसती किंमत जुळवून वाय५व्ही लावला तर इंजिनाशेजारच्या केबिनमध्ये तो उपयोगाचा राहत नाही.

हर्णैकर
बीड की कपॅसिटर हे बघायला चुंबक लावा. फेराइट चिकटतं.

सुपारीबाग
हर्णैकर, चुंबकाने इथे फसगत होते. बहुतेक एसएमडी पार्टांच्या टोकांवर कथलाखाली निकेलचा थर असतो आणि आजकालच्या एक्स७आर कपॅसिटरच्या आतल्या पट्ट्याही निकेलच्याच असतात. म्हणजे कपॅसिटरही चिकटतो, रेझिस्टरही थोडा ओढला जातो. त्यापेक्षा मीटरवर बघा. बीड लाइनमध्ये सीरिजला असते आणि एका ओहमच्याही आत दाखवते. कपॅसिटरचं एक टोक बहुतेक वेळा ग्राउंडला असतं. शून्य ओहमचा रेझिस्टरही शून्यच दाखवेल, पण त्याची कड पांढरी आणि वर बहुधा ० किंवा ००० असतं.

भाट्येकर
सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितलं तसं धुऊन वाळवून घेतलं. आता मापं.

काळा दोन टोकांचा पार्ट काढला, तो शॉर्टच आहे. लांबी साडेचार मिलिमीटरच्या आसपास, रुंदी साडेतीनच्या वर. झिलने म्हटलं तसं एक टोक लाइनला, एक ग्राउंडला.

तरी बोर्डावर शॉर्ट आहेच. बेंच सप्लायवरून १ व्होल्ट, १ अँपियरची मर्यादा घालून इनपुटला दिला आणि वर आयसोप्रोपिल टाकलं. स्क्रूच्या भोकाजवळच्या तपकिरी कपॅसिटरवरचं आधी उडालं, एकदम गोल कोरडा डाग. काढल्यावर तिरकी चीर दिसली, टोकाच्या पट्टीखालून आत गेलेली.

एवढ्यावर काम झालं असं वाटलं, पण अजून इनपुटला ४ ओहम दाखवतंय. आता आयसी थोडा कोमट होतो.

अलिबागचे_काका
तिरकी चीर म्हणजे बोर्ड वाकल्याची. स्क्रू आवळताना बोर्डाला पीळ बसतो आणि भोकाजवळचा सिरॅमिक कपॅसिटर तडकतो. चीर कित्येक दिवस गप्प बसते, मग ओल आत शिरते आणि शॉर्ट होतो. नवीन लावाल तेव्हा स्क्रूखाली बोर्ड सपाट बसतोय का ते बघा, नाहीतर पुन्हा तेच.

आयसी काढा. पण त्याआधी दिशा टिपून ठेवा. सहा पायांचा आयसी दोन्हीकडून सारखाच दिसतो आणि एक नंबरच्या पायाची खूण घासण्यात गेली असेल. पाच पायांचा असता तर उलटा बसलाच नसता.

आयसी निघाल्यावर शॉर्ट गेला तर नवीन आयसी मागवण्याआधी एक काम करा. आउटपुटच्या मोठ्या कपॅसिटरवर बाहेरून व्होल्टेज देऊन बाकीचा सेट जिवंत आहे का ते बघून घ्या. पुढचं सगळं जळालं असेल तर आयसी ओळखून काय करणार.

भाट्येकर
काढला. शॉर्ट गेला.

आउटपुटची लाइन पुढे आठ पायांच्या फ्लॅश मेमरीला जाते, तिच्यावर २५क्यू६४ स्पष्ट वाचता येतं. तिचा सप्लाय २.७ ते ३.६ व्होल्ट, म्हणून ३.३ धरून ५०० मिलिअँपियरच्या मर्यादेत दिला. स्क्रीन लागली! कंपनीचं चिन्ह येऊन मेनू उघडला. म्हणजे फक्त हा सहा पायांचा आणि त्याच्या आसपासचे दोन पार्ट.

मोकळ्या पॅडवरून जोडण्या अशा:
१ नंबरचा पाय छोट्या तपकिरी कपॅसिटरमधून ६ ला. २ ग्राउंड. ३ दोन रेझिस्टरच्या मधल्या जोडाला. ४ एका रेझिस्टरमधून इनपुटला. ५ थेट इनपुटला. ६ कॉइलला आणि एका डायोडच्या पट्टीच्या टोकाला.

रेझिस्टरवर ५१सी आणि ०१सी आहे.

हर्णैकर
५१ म्हणजे ५१ के? आणि ०१ म्हणजे १ के? मग आउटपुट जुळत नाही.

कुडाळची_लॅब
तसं वाचायचं नाही. हा ईआयए-९६ चा कोड आहे, एक टक्का रेझिस्टरवर असतो. दोन अंक हे यादीतला क्रमांक, अक्षर हे गुणक. ०१ म्हणजे १००, ५१ म्हणजे ३३२, आणि सी म्हणजे गुणिले १००. तेव्हा ०१सी म्हणजे १० के, ५१सी म्हणजे ३३.२ के.

आणि भाट्येकर, तुमचा आयसी जवळपास सापडलेला आहे, नंबर घासला तरी जोडण्या घासता येत नाहीत.

१ आणि ६ च्या मध्ये कपॅसिटर म्हणजे बूटस्ट्रॅप, ६ ला कॉइल आणि डायोड म्हणजे स्विचचा पाय. हा बक रेग्युलेटर, म्हणजे जास्त व्होल्टेज उतरवून ठरलेलं कमी देणारा, आणि बाहेर डायोड आहे म्हणजे जुन्या धाटणीचा, सिंक्रोनस नसलेला. बूट, ग्राउंड, फीडबॅक, इनेबल, इनपुट, स्विच हा क्रम बऱ्याच कंपन्यांनी उचललेला आहे, त्यामुळे उमेदवार भरपूर निघतील. त्यांतून गाळायचं कसं ते बघा.

आउटपुट म्हणजे फीडबॅकचं व्होल्टेज (३ नंबरच्या पायावर आयसी जे कायम राखतो ते) गुणिले (१ अधिक वरचा रेझिस्टर भागिले खालचा). इथे १ अधिक ३.३२, म्हणजे ४.३२. आउटपुट ३.३ हवं तर फीडबॅक ३.३ भागिले ४.३२, म्हणजे ०.७६४. आता यादी बघा. एमपी२३५९ चा फीडबॅक ०.८१, आणि तो इनपुटला २४ व्होल्टच्या वर चालतच नाही. बोटीवर चार्जिंग सुरू असताना २८-२९ असतात, म्हणजे तो बाद. एमपी२४५९ ५५ व्होल्टपर्यंत चालतो, पण फीडबॅक तोच ०.८१. या रेझिस्टरांवर आउटपुट ३.५ होईल. मेमरीची मर्यादा ३.६ असताना ३.५ वर डिझाइन कोणी ठेवणार नाही. तो आयसी असता तर वरचा रेझिस्टर ३०.९ के दिसला असता.

फीडबॅक ०.७६५, सहा पाय आणि हाच क्रम, असे माझ्या माहितीत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे दोन आहेत: एलएमआर१४२०६, ४२ व्होल्टचा, आणि एलएमआर१६००६, ६० व्होल्टचा. मूळ कुठला होता हे आता टीव्हीएसवरून ठरेल.

देवगडचो_झिल
टीव्हीएस एसएमबी साइजचो असा. एसएमए आणि एसएमबी लांबीक सारखेच, रुंदी बगूक व्हयी. साडेतीनच्या वर म्हणजे एसएमबी. २४ च्या लाइनीक मी एसएमबीजे३३ए लावतंय.

कुडाळची_लॅब
बरोबर. एसएमबीजे३३ए ३३ व्होल्टपर्यंत गप्प राहतो, ३६.७ च्या पुढे वाहायला लागतो, पण पूर्ण झटक्यात त्याच्यावर ५३.३ व्होल्टपर्यंत चढतात. तेवढ्यात ४२ वाला आयसी टिकणार नाही. ५३ ला ६० वालाच हवा. मूळ काहीही असो, बसवताना एलएमआर१६००६ बसवा.

त्याच्या दोन आवृत्त्या मिळतात, एक्स ७०० किलोहर्ट्झची आणि वाय २.१ मेगाहर्ट्झची. कॉइलवर २२० म्हणजे २२ मायक्रोहेन्री. २८ व्होल्टवरून ३.३ ला ०.६ अँपियर काढायचे आणि रिपल (कॉइलमधल्या करंटची चढउतार) ३० टक्के धरला तर ७०० किलोहर्ट्झला २३ च्या आसपास येतात, २.१ मेगाहर्ट्झला ८ च्या खाली. म्हणजे एक्स.

तडकलेला कपॅसिटर शॉर्ट झालाय म्हणजे त्याची किंमत आता मोजता येणार नाही, शेजारचा त्याचा जोडीदार काढून मोजा. १०० व्होल्टचा, एक्स७आर घ्या. सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज चढलं की त्याची कपॅसिटी घसरते, ५० वाल्यावर २८ व्होल्ट ठेवले तर मीटरवर दिसलेल्या आकड्यातलं बरंच निघून जातं.

वेंगुर्ला_विद्युत
एवढा खटाटोप कशाला? बाजारात तयार बक मॉड्यूल मिळतं, एलएम२५९६ वालं. ३.३ ला सेट करून दोन वायरी टाका, बोट समुद्रात.

अलिबागचे_काका
वेंगुर्ल्याच्या मित्रा, घरच्या एलईडी पट्टीसाठी चालेल. बोटीवर नको. एलएम२५९६ चा इनपुट ४० व्होल्टपर्यंत, वर सांगितलेला झटका त्याला झेपणार नाही. शिवाय त्या मॉड्यूलवर आउटपुट जुळवायला छोटा प्रीसेट असतो. इंजिनाची थरथर आणि खारी हवा मिळून त्याचा सरकता संपर्क सोडतो, आणि मग ३.३ च्या जागी काय जाईल याचा भरवसा नाही. तिथे ठरलेले दोन रेझिस्टरच हवेत. रात्री किनाऱ्यापासून लांब असताना खोली दाखवणारं यंत्र गेलं तर तांडेल काय करणार?

झटका कुठून येतो तेही मालकाला सांगा. इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल सैल झाला की अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं. टीव्हीएस त्यातच गेला असणार. टर्मिनल घासून, आवळून, वर ग्रीस लावायला सांगा. आणि टीव्हीएस गेला म्हणून त्याच्याशिवाय सेट परत देऊ नका. त्याने शॉर्ट होऊन फ्यूज उडवला म्हणूनच पुढची मेमरी आणि स्क्रीन वाचली.

सुपारीबाग
तीन पायांच्या पार्टांबद्दल इथे कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात, कारण धागा वाचणाऱ्याला पुढचा प्रश्न तोच पडेल. एसओटी-२३ वर पूर्ण नंबर मावत नाही, दोन-तीन अक्षरांचा कोड असतो. १एएम म्हणजे ३९०४ ट्रान्झिस्टर, ७०२ म्हणजे २एन७००२ मॉस्फेट, ए७ म्हणजे बीएव्ही९९ ही डायोडची जोडी. ए७ च्या पुढे एखादं छोटं अक्षर असतं ती कारखान्याची खूण, पार्ट तोच. पण एकच कोड दोन कंपन्या वेगळ्या पार्टांवर टाकतात, म्हणून कोड सापडला तरी मीटरच्या डायोड रेंजवर खात्री करायची. ट्रान्झिस्टर असेल तर बेसवरून दोन्हीकडे ०.६-०.७ दिसतात आणि एमिटरकडचा आकडा किंचित मोठा असतो. मॉस्फेटचा गेट कुणाशीच बोलत नाही, ड्रेन आणि सोर्समध्ये एका दिशेने डायोड दिसतो.

भाट्येकर
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडहून आयसी, टीव्हीएस आणि कपॅसिटर मागवले होते, आज पार्सल आलं. जोडीदार कपॅसिटर २.२ मायक्रोफॅरड भरला, दोन्ही १०० व्होल्टचे टाकले. ताईंनी सांगितलं तशी बारीक काळपट पार्टाची कड बघितली, सगळीकडून काळी, मीटरवर ०.२ ओहम, बीडच. ती चांगली आहे, ठेवली.

आधी १२ व्होल्ट, ५० मिलिअँपियरच्या मर्यादेत, कॉइलच्या पुढचा भाग वेगळा करून. आउटपुट ३.३१. मग २४, मग २९, आकडा तोच. जोडून दोन तास चालवला, आयसी हाताला कोमट लागतो एवढंच.

कोटिंगसाठी ॲक्रिलिक स्प्रे आहे. थेट मारू का?

अलिबागचे_काका
फ्लक्स धुऊन, पुन्हा वाळवून, बोर्ड अजून कोमट असतानाच मारा. ओल आत राहिली तर कोटिंग तिला कोंडून ठेवतं आणि गंज आतून चालू राहतो. कनेक्टरला टेप लावा. ॲक्रिलिकच घ्या, पुढच्या खेपेला कोणाला उघडावं लागलं तर थिनरने निघतं. इपॉक्सी निघत नाही.

भाट्येकर
केलं. हाताने काढलेलं सर्किट धाग्याच्या सुरुवातीला जोडलंय, पार्टांच्या किमतींसकट. हाच बोर्ड त्या कंपनीच्या दोन-तीन मॉडेलांत दिसतो, कोणालाही लागला तर बिनधास्त उचला.

देवगडचो_झिल
माझ्याकडे तोच बोर्ड इलोसा, आजच उघडलंय. टीव्हीएस बरो असा, पण आयसीच्या ४ नंबरच्या पायाकडचो रेझिस्टर जळून गेलो, काय्येक वाचूक येणा नाय. तुझ्या बोर्डावर काय असा?

भाट्येकर
आर१७ तो. माझ्या बोर्डावर ०१डी आहे, म्हणजे १०० के, साइज ०६०३. पण तो आपणहून जळणार नाही. आयसीच्या ४ आणि २ नंबरच्या पायांत मीठ किंवा हिरवा गंज आहे का ते आधी बघ, आणि धुतल्यावर त्या दोन पायांत किती ओहम येतात ते इथे टाक.